पुरवणीच्या आधीचं पत्र

भिंगवाले कुणासाठी खुर्ची सोडत नसत. घरमालक आला तरी बसूनच बोलत, आणि पोलीस अधिकारी आले तर फार तर वर्तमानपत्राची घडी घालत. त्यामुळे मंगळवारी सकाळी करड्या केसांच्या एक बाई दारात आल्या आणि भिंगवाले ताडकन उभे राहिले, तेव्हा त्यांच्या साडूंच्या कपातला चहा बशीत सांडला.

"या, बसा," भिंगवाले म्हणाले आणि त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली.

साडू म्हणजे त्यांच्या मेहुणीचे यजमान. निवृत्त झाल्यापासून त्यांना घरी करमत नव्हतं आणि घरच्यांना ते घरी असले की करमत नव्हतं. म्हणून ते रोज भिंगवाल्यांच्या कचेरीत येऊन बसत. आपण या धंद्यात भागीदार आहोत, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. भिंगवाल्यांनी स्वतः बावीस वर्षं एका विमा कंपनीत दावे तपासले होते. कराराच्या तळाची बारीक अक्षरं वाचायला ते खिशात भिंग ठेवत, त्यावरून हे नाव पडलं. गेली चार वर्षं ते स्वतंत्रपणे तपास करत होते.

"मला ऑफिसात सगळे फाईलताई म्हणतात," बाई म्हणाल्या. "दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं कागदपत्रं सांभाळते. पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते. आता त्याआधीच हाकलतील असं दिसतंय. गुरुवारी चार वाजता."

"काय केलंत तुम्ही?" साडूंनी विचारलं.

"काहीच नाही. तेच तर सिद्ध करायचंय."

भिंगवाल्यांनी वही उघडली. "पहिल्यापासून सांगा. घाई करू नका."

"आमच्या मालकांनी नोकरीविषयक दायित्वाचा विमा घेतलाय."

"हा कसला विमा?" साडू म्हणाले.

"समजा, तुम्हाला कुणी विनाकारण कामावरून काढलं, किंवा कामावर तुमचा छळ केला, तर तुम्ही कोर्टात जाल. तो वकिलांचा खर्च आणि तुमची भरपाई विमा कंपनी देते. आमचा विमा इथल्या कारखान्यापुरता होता. मग मालकांनी परदेशात शाखा काढली. तिथं तीस माणसं कामाला लागली. त्यांच्यावर अन्याय झाला तर कोण बघणार? मी मालकांच्या डोक्याशी भुणभुण लावली. शेवटी गेल्या एक ऑगस्टपासून पुरवणीपत्र मिळालं, की विमा त्या देशातही लागू."

"मग अडलं कुठे?"

"पुरवणी देताना विमा कंपनी आमच्याकडून एक जाहीरपत्र लिहून घेते. आजमितीला त्या शाखेतली कुठलीही तक्रार आम्हाला ठाऊक नाही, असं. आग लागल्यावर कुणी घराचा विमा उतरवू नये ना, तसं. मी शाखेच्या व्यवस्थापकांना फोन केला. ते म्हणाले, तक्रार नाही. अठ्ठावीस जुलैला मी सही केली."

पुढचं ताईंनी एका दमात सांगितलं. जानेवारीत शाखेतल्या एका शिवणकारणीला कामावरून काढलं. खुर्च्यांची आवरणं शिवायची ती. तिनं तिथल्या कोर्टात दावा लावला. विमा कंपनीचे दावे अधिकारी दहा दिवसांपूर्वी शाखेची फाईल तपासायला आले आणि फाईलमध्ये तिचंच तक्रारीचं पत्र निघालं. त्यावर ताईंचा आवक शिक्का होता. तारीख अकरा जून, म्हणजे पुरवणीच्या दीड महिना आधीची.

"म्हणजे तक्रार ठाऊक असून लपवली, असा अर्थ झाला," साडू म्हणाले. "विमा गेला."

"विमा गेला, त्या बिचारीची भरपाई गेली. शाखा स्वतःच्या बळावर काही देऊ शकत नाही. आणि फाईलताईनं सही करून खोटं सांगितलं, एवढंच माझ्या एकतीस वर्षांचं उरणार." ताईंनी चष्मा काढून पुसला. "ते पत्र मी त्या दिवसापर्यंत पाहिलंच नव्हतं. पण शिक्का माझा आहे. तुमची फी काय असेल?"

"शेवटी मागेन," भिंगवाले म्हणाले. "पैशांत नाही."

ताई गेल्यावर साडूंनी डोळे बारीक केले. "ओळखीच्या आहेत?"

"मी त्यांना ओळखतो. त्या मला ओळखत नाहीत," एवढं बोलून भिंगवाल्यांनी छत्री उचलली.

ताईंची खोली कारखान्याच्या जिन्याखाली होती. तीन भिंतींना छतापर्यंत फायली, चौथ्या भिंतीला खिडकी, आणि मध्ये टेबल. साडूंनी आल्याआल्या टेबलावरचा शिक्का उचलला आणि त्यावरचे तारखेचे आकडे फिरवायला सुरुवात केली.

"सगळे हेच करतात," ताई कंटाळून म्हणाल्या. "टेबलाशी बसलं की हात शिक्क्याकडे जातो. म्हणून मी रोज सकाळी तारीख पुन्हा लावते."

साडूंनी शिक्का मुकाट्यानं खाली ठेवला.

"या टेबलाशी कोण कोण बसतं?" भिंगवाल्यांनी विचारलं.

"विमा एजंट दर आठवड्याला येतात. शिवणमास्तर रोज, दोऱ्याची मागणी घेऊन. आणि शाखेचे व्यवस्थापक, म्हणजे मालकांचा भाचा. तीन आठवड्यांपूर्वी आलेत तिकडून. त्यांना इथे स्वतंत्र खोली नाही, म्हणून बसतात माझ्या समोर."

ताईंनी शाखेची जाडजूड फाईल काढली. "जानेवारीतली नोटीस हवी ना? ही बघा, अगदी वरच आहे. ताजा कागद नेहमी वर." साडूंनी काही विचारायच्या आत त्यांनी ती उलगडून दाखवली. "अधिकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी प्रत्येक पानावर पेन्सिलीनं आकडे घातलेत, जसं सापडलं तसं. तेव्हापासून मी एका कागदाला हात लावलेला नाही."

"साडूभाऊ, तुम्ही मोठ्यानं वाचा," भिंगवाले म्हणाले.

साडूंना कुणी काम सांगितलं की त्यांची छाती फुगत असे. "पान सदतीस, वीस जून, आग विझवण्याच्या यंत्रांची पावती. पान अडतीस, तीन जून, जागेचा करार. पान एकोणचाळीस, अकरा जून, हेच ते पत्र. पान चाळीस, अठ्ठावीस मे, वीजजोडणीचा अर्ज." इथे त्यांना धुळीनं तीन शिंका आल्या आणि वाचन थांबलं.

भिंगवाल्यांनी पत्रावर भिंग धरलं. आखीव वहीचं पान होतं. अक्षर वेडंवाकडं पण काळजीपूर्वक काढलेलं. 'मानेच्या उशीचे दोन्ही भाग मला पुन्हा पुन्हा उसवून शिवायला लावतात. कारण विचारले तर कामावरून काढीन म्हणतात. मुख्य कार्यालयाने लक्ष घालावे ही विनंती.' खाली सही. पत्रात तारीख कुठेच नव्हती. होती ती फक्त शिक्क्याची.

"इतर कागदांपेक्षा आखूड आहे हो हे," साडू नाक पुसत म्हणाले. "चांगलं दोन बोटं. आणि वर समासच नाही."

"वहीचं पान असेल लहान," ताई म्हणाल्या.

भिंगवाल्यांनी खिशातली पट्टी काढली. त्यांनी पत्राची लांबी वहीत टिपून घेतली आणि उठले.

विमा एजंट बाहेरच भेटले. त्यांच्या खांद्यावरची पिशवी इतकी फुगलेली होती की ते तिरके चालत होते.

"मी फॉर्म दिला, भरणारे ते, सही करणारे ते," एजंटनी भेटल्याभेटल्या सांगून टाकलं. "ताई चांगल्या आहेत हो, पण वय झालं. विसरल्या असतील."

"त्या जाहीरपत्राची प्रत आहे तुमच्याकडे?"

एजंटनी पिशवी जिन्यावर ओतली. पावत्या, कुणाचं तरी जन्मप्रमाणपत्र, एक अर्धवट बिस्किटांचा पुडा. दहा मिनिटांनी प्रत निघाली, ती बिस्किटांच्या पुड्यातून.

"फायली करत नाही का तुम्ही?"

"माझं सगळं याच पिशवीत. देवाच्या दयेनं आजवर काही हरवलं नाही," एजंट म्हणाले. साडूंनी आदरानं पिशवीकडे बघितलं.

शिवणमास्तरांच्या खोलीत कातड्याचा आणि डिंकाचा वास होता. मधोमध एक नवीकोरी खुर्ची उभी होती. मास्तर खिळ्याला टोचलेल्या मापाच्या चिठ्ठ्यांमधली सगळ्यात वरची, आजची चिठ्ठी काढून बघत होते.

"त्या मुलीला मीच शिकवलं," ते म्हणाले. "इथं सहा महिने होती, आपली भाषाही इथंच शिकली. तिच्यासारखा सरळ टाका माझा नाही पडत. अजून पत्र लिहिते मला."

"म्हणजे तिचं एखादं पत्र तुमच्याकडे असू शकतं," साडू चटकन म्हणाले.

"आहेत ना. ट्रंकभर आहेत." मास्तरांचा चेहरा उतरला. "तुम्हाला काय वाटलं, मी तिच्याच पोटावर पाय देईन?"

भिंगवाले एव्हाना खुर्चीत आडवे झाले होते. "मास्तर, मान फार छान टेकते हो इथे."

मास्तर लगेच खुलले. "टेकणारच. आधी एकसंध उशी होती, म्हाताऱ्या माणसांची मान अवघडायची. सप्टेंबरपासून दोन भागांची केली. मीच सुचवलं ते. दोन्ही कारखान्यांत एकदमच सुरू झालं."

"आणि आतला फोम? शाखेलाही इथूनच जातो?"

"आवरणाचं कातडं जातं ठरल्याप्रमाणं. फोम मात्र हल्ली निम्माच मागवतात. तिकडंच मिळतो म्हणे." मास्तरांनी खांदे उडवले. "मिळत असेल."

भाचेसाहेब फाईलताईंच्या टेबलासमोर लॅपटॉप उघडून बसले होते. बोलणं गोड, वागणं नम्र. "ताईंचं फार वाईट वाटतं. पण पत्र आलं होतं, हे तर दिसतंच आहे. मी मामांना म्हटलं, वय बघून मोठ्या मनानं घ्या."

"तुम्हाला ते पत्र ठाऊक नव्हतं?"

"नाही. परस्पर इथे पाठवलं असणार तिनं. ही घ्या, तिची शाखेतली फाईल मी आणलीय. लपवण्यासारखं काही नाही."

भिंगवाल्यांनी फाईल उघडली. पहिल्याच पानावर तिचा नोकरीचा अर्ज होता. काढून टाकल्याची नोटीस बघायला त्यांना थेट शेवटचं पान गाठावं लागलं.

"फार व्यवस्थित आहे," ते म्हणाले.

"तिकडे सगळं मी स्वतः लावतो," भाचेसाहेब हसून म्हणाले.

संध्याकाळी भिंगवाल्यांनी मास्तरांच्या फोनवरून शिवणकारणीला फोन लावला. दावा लागल्यापासून कारखान्यातल्या कुणी तिच्याशी बोलू नये असं वकिलांनी बजावलं होतं, त्यामुळे तिला या पत्राच्या भानगडीचा पत्ताच नव्हता.

"ते पत्र? नोव्हेंबरात लिहिलं मी, थंडी पडल्यावर," तिचा आवाज आला. "व्यवस्थापकांच्या हातात दिलं, मुख्य कार्यालयाला पाठवा म्हणून."

"त्यावर तारीख घातली होती?"

"वरती, उजव्या कोपऱ्यात. मास्तरांची शिकवण आहे, चिठ्ठी कसलीही असो, आधी तारीख आणि मग माप."

मास्तरांनी तोंड फिरवून डोळे टिपले.

"काढून टाकायच्या आधी काही झालं होतं?"

"काही नाही. मी एवढंच विचारलं होतं, की नव्या खुर्चीला जुना वास का येतो. आठवड्यानं नोटीस आली." मग तिनं विचारलं, "फाईलताई आहेत का तिथं? आमच्यासाठी विमा त्यांनी मागून घेतला, हे मला मास्तरांनी कळवलं होतं. मी त्यांना कधी पाहिलं नाही. माझा निकाल काहीही लागो, त्यांना सांगा, मी रोज त्यांची आठवण काढते."

परतताना साडू बराच वेळ बोटांवर महिने मोजत होते. मग म्हणाले, "झालं तर! नोव्हेंबर म्हणजे पुरवणीच्या नंतर. सुटल्या ताई."

"तिच्या तोंडच्या शब्दाला कोण विचारतंय? विमा टिकला तर फायदा तिचाच आहे. दावे अधिकारी मान हलवतील आणि उठून जातील. मीही बावीस वर्षं तेच केलंय," भिंगवाले म्हणाले. "कागदालाच बोलतं करायला हवं, साडूभाऊ. आणि तो बोललाय. तुम्हीच वाचून दाखवलंत."

साडूंनी आपण काय वाचलं होतं ते आठवून पाहिलं. त्यांना फक्त शिंका आठवल्या.

गुरुवारी चार वाजता मालकांच्या खोलीत सगळे जमले. मालक थकलेले दिसत होते. दावे अधिकारी घड्याळाकडे बघत होते. ताई दाराजवळच्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांनी टेबलाचे खण आधीच रिकामे करून ठेवले होते, हे साडूंनी पाहिलं होतं आणि त्यांना ते बघवलं नव्हतं.

"दोन प्रश्न आहेत," भिंगवाले म्हणाले. "हे पत्र कधीचं? आणि फाईलमध्ये लावलं कुणी? मास्तर, पत्रातलं पहिलं वाक्य वाचता का?"

"मानेच्या उशीचे दोन्ही भाग मला पुन्हा पुन्हा..." मास्तर थबकले. त्यांनी वर पाहिलं. "दोन्ही भाग? जूनमध्ये दोन भाग कुठले? एकच होता!"

"दोन भागांची उशी सप्टेंबरपासून सुरू झाली. जी वस्तू जन्मालाच आली नव्हती, तिच्याबद्दल जूनमध्ये तक्रार कशी येईल? शिक्का काहीही म्हणो, हे पत्र सप्टेंबरनंतरचं आहे. शिक्क्याचे आकडे फिरवायला तर आमच्या साडूंनासुद्धा अर्धं मिनिट लागलं."

दावे अधिकाऱ्यांनी घड्याळ बघणं सोडलं.

"पत्रावर तारीख होती. वर, उजव्या कोपऱ्यात. म्हणून तर पान दोन बोटं आखूड आहे. तारखेची पट्टी कुणीतरी कापली, शिक्का मागच्या तारखेवर फिरवून मारला आणि पत्र फाईलमध्ये लावलं."

"कुणी?" मालकांनी विचारलं.

"ते पानांच्या आकड्यांवरून कळतं. ताई, तुमच्या फायलीचा नियम काय?"

"ताजं वर, जुनं खाली," ताई हळूच म्हणाल्या.

"तर मग अकरा जूनचं पत्र कुठे हवं? वीस जूनच्या खाली आणि तीन जूनच्या वर. ते सापडलं तीन जूनच्या खाली. सबंध फाईलमध्ये हा एकच कागद चुकलाय."

"माणूस आहे, चुकतो," एजंट पुटपुटले.

"तुम्ही लावला असता तर तो कुठेही सापडला असता, बिस्किटांतसुद्धा. हा मात्र विचार करून लावलाय. तारखा शोधून, नेमका तीन जूनच्या पाठी. ज्याच्या फायलीत आधीचं आधी आणि नंतरचं नंतर, पुस्तकाच्या पानांसारखं असतं, त्याचा हात अकराला तीनच्या मागेच ठेवणार. मास्तरांच्या खिळ्याला आजची चिठ्ठी सगळ्यात वर असते, त्यांचा हात असा चुकणार नाही. या खोलीत अशी फाईल एकाच माणसाची आहे. अर्ज पहिल्या पानावर, नोटीस शेवटच्या."

सगळ्यांच्या नजरा भाचेसाहेबांकडे वळल्या.

"मी कशाला करीन असं?" त्यांचा आवाज चिरकला. "विमा गेला तर नुकसान माझ्याच शाखेचं!"

"विमा राहिला तर विमा कंपनीचे वकील शाखेत येणार. एकेका माणसाला विचारणार, हिला का काढलं? मग कुणीतरी सांगणार, की नव्या आवरणात जुन्या खुर्च्यांचा फोम भरला जातो. आवरणं पूर्ण आणि फोम निम्मा, हे मास्तरांच्या नोंदीत आहेच. पुरवणी रद्द झाली की चौकशी नाही. तिच्याशी गुपचूप काहीतरी मिटवता आलं असतं. दोष निवृत्तीला आलेल्या बाईंच्या माथी. शिवणकारणीचं पत्र तुमच्याच हातात दिलेलं होतं. फाडून टाकलं असतं तर तिच्या तक्रारीचा पुरावाच उरला नसता."

भाचेसाहेबांची पाचावर धारण बसली. त्यांनी मामांकडे पाहिलं, मामांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"फक्त काही महिने चालवायचं होतं," ते शेवटी म्हणाले. "मग बंद करणार होतो."

"लोक त्या खुर्चीत तोंड उघडून, विश्वासानं आडवे होतात रे," मालक म्हणाले. ते ओरडले नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं. "चाव्या ठेव टेबलावर. शाखेची चौकशी उद्यापासून. मी स्वतः जातोय."

दावे अधिकाऱ्यांनी फाईल बंद केली. "जुलैत तक्रार कुणालाच ठाऊक नव्हती. म्हणजे जाहीरपत्र खरं, पुरवणी कायम. आणि त्या बाईंनी नोटिशीआधी तक्रार केली होती, याचा लेखी पुरावा या भाचेसाहेबांनीच आम्हाला आणून दिलाय. दावा फार ताणण्यात अर्थ नाही. तिला भरपाई मिळेल." ते ताईंपुढे येऊन उभे राहिले. "मी तुमच्यावर संशय घेतला. माफ करा."

मालक उठून ताईंजवळ आले. "तू मागे लागली नसतीस तर ही पुरवणीच नसती, आणि तिकडे काय चाललंय ते मला कधी कळलंच नसतं," ते कसेबसे म्हणाले. "तुझे उपकार आहेत, ताई."

ताईंनी मान डोलावली. मग त्या मास्तरांना म्हणाल्या, "त्या मुलीला फोन लावा आधी. आता बोलायला हरकत नाही ना?"

अर्ध्या तासानं भिंगवाले आणि साडू जिन्याखालच्या खोलीत आले, तेव्हा ताई खण पुन्हा भरत होत्या. त्यांचे डोळे लाल होते आणि चेहरा हसरा होता.

"आता फी सांगा," त्या म्हणाल्या. "तुमचे आभार कसे मानू?"

"तुम्ही नका मानू. माझ्याकडूनच मानायचे राहिलेत." भिंगवाल्यांनी खिशातून एक पिवळा पडलेला लिफाफा काढला. "सव्वीस वर्षांपूर्वी मी इथे गोदामात हंगामी कामाला होतो. अवजारांची पेटी नाहीशी झाली आणि आळ माझ्यावर आला. सगळ्यांनी मला चोर ठरवलं होतं. तुम्ही तीन दिवस गेटपासची चळत उपसलीत आणि पेटी दुरुस्तीला गेल्याची चिठ्ठी काढलीत. म्हणून कारखान्यानं मला चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिला आणि त्यावर विमा कंपनीत नोकरी लागली. हे पत्र तेव्हाच लिहिलं होतं. द्यायचा धीर झाला नाही."

साडू तोंड उघडं टाकून बघत राहिले.

ताईंनी खूप आठवून पाहिलं. "मला नाही हो आठवत," त्या ओशाळून म्हणाल्या. "मी आपली फाईल नीट लावली असेन."

"तेवढीच लावली होती तुम्ही. आज त्याच सवयीनं तुम्हाला वाचवलं. फी म्हणून हे पत्र तेवढं घ्या."

ताईंनी पत्र उघडलं. चारच ओळी होत्या. त्यांनी त्या खिडकीशी उजेडात नेऊन दोनदा वाचल्या. मग टेबलाशी आल्या, शिक्का उचलला, आकडे एकेक करून तपासले आणि कागदावर ठोकला.

"अहो, पत्र सव्वीस वर्षांपूर्वीचं आहे," साडू न राहवून म्हणाले. "तारीख आजची घातलीत तुम्ही."

"लिहिल्याची तारीख त्यांची. माझ्याकडे आलं ते आजच," ताई म्हणाल्या.

आणि त्यांनी स्वतःच्या नोकरीची फाईल उघडून ते सगळ्यात वर लावलं.